शिकारीचा परवाना: कोणी, केव्हा आणि कसे मारावे याचा मुंबईशी जोडलेला इतिहास

१/
हिंदमाताच्या चौकातून दक्षिणेकडे जाणारा डॉ. आंबेडकर रस्ता लालबाग आणि चिंचपोकळी ओलांडून भायखळ्याला राणीच्या बागेपाशी पोहोचतो. बागेलगत आज डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून ओळखली जाणारी वास्तू आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी याच वास्तूत आठ जण एकत्र आले आणि ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ (बीएनएचएस) स्थापन झाली. भारतात कोणता प्राणी कोणी, केव्हा आणि कसा मारावा, या प्रश्नाचा पुढील शतकभराचा इतिहास या संस्थेला वगळून सांगता येत नाही. हा धागा त्या इतिहासाचा.

२/
त्या आठ जणांत दोन मराठी डॉक्टर होते. एक प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन. उरलेले सहा युरोपीय. त्या काळी निसर्गाचा अभ्यास आणि बंदूक या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. पक्षी ओळखायचा तर तो पाडून, कातडी सोलून, पेंढा भरून मेजावर ठेवावा लागे. त्यामुळे संस्थेच्या प्रारंभीच्या सदस्यांत शिकारी आणि अभ्यासक अशी सरळ विभागणी करता येत नाही. पुष्कळदा ती एकच व्यक्ती असे.

३/
शिकारीचे कोणतेही नियम घेतले तरी ते तीन प्रश्नांची उत्तरे देत असतात. मारण्याचा अधिकार कोणाला? त्याचे उत्तर म्हणजे परवाना. मारावे केव्हा? त्याचे उत्तर म्हणजे हंगाम आणि त्याच्या उलट बाजूचा वर्ज्य काळ. मारावे कसे आणि किती? त्याचे उत्तर म्हणजे शस्त्र, पद्धत आणि संख्येची मर्यादा. चौथा प्रश्न मात्र कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला नसतो: हे नियम नेमके कोणासाठी राखले जात आहेत, जनावरासाठी की शिकाऱ्यासाठी?

४/
इंग्रजी अमलापूर्वी या प्रश्नांची उत्तरे लेखी कायद्यात क्वचितच सापडत. ती सत्ता आणि रूढी यांत होती. पेशव्यांचा शिकारखाना पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी होता. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या पदरी शिकारीसाठी शिकवलेले चित्ते असत. विसाव्या शतकात देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणले गेले. दुसरीकडे फासेपारधी, कातकरी, ठाकर आणि भिल्ल यांची पारध पोटासाठी होती. फास, जाळे, गलोल, तीरकमठा ही त्यांची साधने. राजाची शिकार आणि रानातल्या माणसाची पारध एकाच जंगलात शेजारी शेजारी चालत असे.

५/
१८७८ या एकाच वर्षी दोन कायद्यांनी हे चित्र पालटले. भारतीय वन कायद्याने राखीव जंगले निर्माण केली आणि तेथे नियमांविरुद्ध शिकार करणे, सापळे लावणे, पाण्यात विष कालवणे हे गुन्हे ठरवले. शस्त्र कायद्याने बंदूक बाळगायची तर परवाना घेणे बंधनकारक केले. एका कायद्याने जंगलाचे दार लावले आणि दुसऱ्याने बंदुकीचे. दोन्ही दारांच्या किल्ल्या सरकारच्या कमरेला गेल्या. साहेबाला, संस्थानिकाला आणि त्यांच्या पाहुण्यांना त्या सहज मिळत. फास लावणाऱ्याला मागूनही मिळणार नव्हत्या.

६/
मात्र सर्व प्राणी एका मापाने मोजले जात नव्हते. सांबर, चितळ, काळवीट हे ‘सावज’ होते, म्हणजे ते टिकले पाहिजेत. वाघ, बिबट्या आणि लांडगा मात्र ‘उपद्रवी’ गणले जात आणि त्यांना मारणाऱ्यास सरकारी खजिन्यातून बक्षीस मिळे. इतिहासकार महेश रंगराजन यांनी बक्षिसांच्या सरकारी नोंदी तपासून मांडलेला हिशेब असा: १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८०,०००हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले. आज ज्या प्राण्यासाठी अभयारण्ये आखली जातात, त्याच्या मुंडक्यावर तेव्हा दर लावलेला होता.

७/
हंगामाची कल्पना अखिल भारतीय कायद्यात प्रथम आली ती १८८७ मध्ये, वन्य पक्षी संरक्षण कायद्यातून. गंमत अशी की हा कायदा रानासाठी नव्हता, बाजारासाठी होता. विणीच्या काळात नुकताच मारलेला किंवा पकडलेला वन्य पक्षी बाळगणे वा विकणे यांवर नगरपालिकांना आणि छावण्यांना आपापल्या हद्दीत बंदी घालता येऊ लागली. जंगलात प्रत्येक फासावर पहारा ठेवणे अशक्य होते; पण तित्तर आणि लावे शेवटी शहराच्या मंडईतच विकायला येत. खरेदी अडवली की मारणे आपोआप कमी होईल, असा त्यामागचा विचार.

८/
हाच विचार बंदरालाही लागू झाला. युरोपातील स्त्रियांच्या टोप्यांवर बगळ्यांचे तुरे मिरवण्याची फॅशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिगेला पोहोचली होती. बगळ्याला हे नाजूक तुरे फुटतात ते विणीच्या काळातच. म्हणजे एका तुऱ्यासाठी पक्षी मारला की घरट्यातली पिल्लेही उपाशी मरत. १९०२ मध्ये भारत सरकारने पक्ष्यांची कातडी आणि पिसे परदेशी पाठवण्यावर बंदी घातली. हंगामाचा नियम कशासाठी असतो, हे समजून घ्यायला या तुऱ्यांइतके बोलके उदाहरण नाही.

९/
हंगामाचे गणित साधे, पण प्राण्यागणिक वेगळे. तित्तर, लावा, रानकोंबडा हे इथेच वीण घालणारे पक्षी. त्यांना विणीच्या महिन्यांत अभय हवे. बदके आणि पाणलावे यांच्या बहुतेक जाती हिवाळ्यापुरत्या उत्तरेकडून येतात. त्यांची घरटी इथे नसतातच. त्यांच्या बाबतीत प्रश्न हंगामापेक्षा संख्येचा. हरणांच्या बाबतीत मादी आणि पाडस यांना हात लावू नये, आणि शिंगांवर अजून मखमली साल असलेला नर पाडू नये, हा जाणत्या शिकाऱ्यांचा दंडक. म्हणजे चांगला नियम लिहायचा तर आधी प्राण्याचे जीवन ठाऊक हवे. बीएनएचएससारख्या संस्थेचे महत्त्व इथे आहे.

१०/
१९१२ मध्ये आठवा कायदा आला: वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायदा. प्रांतिक सरकारांना आता वर्ज्य काळ जाहीर करता येऊ लागला. त्या काळात यादीतला प्राणी मारणे, पकडणे, विकणे वा विकत घेणे हा गुन्हा ठरला. यादीत माळढोक, तणमोर, मोर, बदके, तित्तर, लावे, पखुर्ड्या, बगळे आणि खंड्या होते. हरणे, काळवीट, चिंकारा, गवे, रानम्हशी, गेंडे आणि ससेही होते. पहिल्या गुन्ह्याला ५० रुपयांपर्यंत दंड. पुन्हा सापडल्यास एक महिन्यापर्यंत कैद, किंवा १०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

११/
ही यादी वाचताना जे नाही तेही वाचले पाहिजे. वाघ नाही. बिबट्या नाही. अस्वल नाही. शिवाय स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणासाठी आणि मालमत्तेच्या प्रामाणिक रक्षणासाठी केलेली हत्या या कायद्याबाहेर ठेवली होती. शेतात शिरलेल्या सांबरावर बार काढणे गुन्हा नव्हता. शेतकऱ्याला ही सवलत गरजेची होती, हे खरेच. पण ‘पीकसंरक्षणाची बंदूक’ ही संज्ञा पुढे इतकी लवचिक झाली की तिच्या आडून वर्षभर शिकार चालू शके.

१२/
याच काळात गिरगावच्या खेतवाडीत एक अनाथ मुलगा मामांच्या घरी वाढत होता. मामा अमिरुद्दीन तय्यबजी हे स्वतः शिकारी आणि बीएनएचएसचे सदस्य. मुलाला भेट मिळालेल्या छऱ्याच्या बंदुकीने त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे मामांना सांगता येईना. त्यांनी त्याला संस्थेचे मानद सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला आणि कपाटांतले शेकडो नमुने मुलाला उघडून दाखवले. तो मुलगा म्हणजे सलीम अली (जन्म १२ नोव्हेंबर १८९६). पुढे त्यांनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिले ते त्या पडलेल्या चिमणीचेच.

१३/
परवाने, वर्ज्य काळ, दंड हे सारे ब्रिटिश मुलखात. संस्थानांत संस्थानिकाची इच्छा हाच नियम. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, योगायोगाने सलीम अलींच्या वाढदिवशीच, भरतपूरच्या पाणथळीवर व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या पाहुणचारासाठी बदकांची शिकार झाली. एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. यात कोणताही कायदा मोडला गेला नाही. कायदा करणाऱ्या सत्तेचा सर्वोच्च प्रतिनिधीच पाहुणा होता. संख्येची मर्यादा नसेल तर हंगामाचा नियम किती दुबळा ठरतो, याचा हा जाहीर पुरावा. त्याच जागी आज केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे.

१४/
१९४७ मध्ये कोरिया संस्थानात (आजच्या छत्तीसगडमध्ये) तेथील संस्थानिकाने रात्री मोटारीच्या दिव्यांच्या झोतात तीन नर चित्ते मारले. त्याची हकीकत छायाचित्रासह मुंबईला बीएनएचएसच्या नियतकालिकाकडे आली. संपादकांनी ती छापली, पण सोबत जळजळीत टिपण जोडले: वृत्तान्त वाचून किळस आली, तो केराच्या टोपलीत टाकावा असे प्रथम वाटले, आणि आता तो छापला जात आहे तो गौरवासाठी नव्हे, आरोपपत्र म्हणून. भारतातील चित्त्याच्या या जवळपास अखेरच्या खात्रीच्या नोंदी. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

१५/
या टिपणाचा राग नीट समजून घ्यायला हवा. संपादक शिकारीच्या विरोधात नव्हते. त्यांचे अनेक वाचक शिकारीच होते. राग होता पद्धतीचा. दिव्याच्या झोतात दिपून उभ्या राहिलेल्या जनावरावर मोटारीतून गोळी घालणे हे शिकाऱ्यांच्या स्वतःच्या नीतीतही बसत नव्हते. पायी माग काढावा, जनावराला निसटण्याची संधी असावी, जखमी जनावर तसेच सोडून येऊ नये, हे अलिखित नियम होते. पण अलिखित नियम ज्याला पाळायचे त्यालाच बांधतात. ते कागदावर उतरण्याची वेळ आली होती.

१६/
स्वातंत्र्याच्या वेळी एकाच मराठी मुलखात शिकारीच्या नियमांच्या वेगवेगळ्या व्यवस्था नांदत होत्या. मुंबई इलाख्यात १९१२चा कायदा. विदर्भ मध्य प्रांतात असल्यामुळे तेथे १९३५चा मध्य प्रांत शिकार कायदा. मराठवाडा निजामाच्या राज्यात, तेथील नियम निराळे. कोल्हापूर, सावंतवाडी यांसारख्या संस्थानांची रीत आणखी वेगळी. नदीच्या अलीकडे गुन्हा ठरणारी गोळी पलीकडे हक्क ठरू शकत होती. जनावरांना मात्र या सीमा ठाऊक नव्हत्या.

१७/
अशा वेळी मुंबई राज्याने १९५१ मध्ये स्वतःचा ‘मुंबई वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण अधिनियम’ केला. या कायद्यामागे बीएनएचएसचे हुमायून अब्दुलअली यांचा मोठा वाटा होता. ते सलीम अलींचे नातलग, पक्ष्यांचे कसलेले अभ्यासक आणि स्वतः अनुभवी शिकारी. परवान्यावाचून शिकार नाही, प्राण्यांची प्रतवारी, अभयारण्ये घोषित करण्याचा अधिकार, अशी त्याची मांडणी होती. शिकाऱ्याच्या पळवाटा शिकाऱ्यालाच ठाऊक असतात. कायदा घडवण्यात त्याचा हात असणे म्हणूनच उपयोगाचे ठरले. याच राज्यात पुढे कोल्हापूरच्या छत्रपतींचे जुने शिकारीचे रान असलेले दाजीपूर १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झाले.

१८/
तरीही १९५० आणि १९६०ची दशके जनावरांना जड गेली. युद्धानंतर जीप स्वस्तात मिळू लागल्या होत्या, हातात प्रखर विजेऱ्या आल्या होत्या, नव्या रस्त्यांनी जंगले उघडी पडली होती. परदेशी पाहुण्यांना वाघाची शिकार घडवून आणणाऱ्या कंपन्या राजरोस जाहिराती करत आणि त्यातून मिळणाऱ्या परकीय चलनाचे सरकारला अप्रूप होते. परवाना होता, हंगाम होता, शुल्कही होते. पण रात्री रानात कोण शिरले हे पाहणारा वनरक्षक एकटा आणि पायी होता. अखेर १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली.

१९/
१९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आज शिकारबंदीचा कायदा म्हणून ओळखला जातो. मूळ मसुदा मात्र तसा नव्हता. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांना पूर्ण अभय होते. बाकीच्यांसाठी चार प्रकारचे परवाने होते: विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि जिवंत पकडण्याचा परवाना. ‘शिकार’ या शब्दाची व्याख्याही रुंदावली. मारणे, पकडणे, हाका घालणे, आमिष लावणे एवढेच नव्हे, तर पक्ष्याची अंडी फोडणे आणि घरटे विस्कटणे हीदेखील शिकारच.

२०/
या कायद्याचे सतरावे कलम म्हणजे जुन्या शिकारनीतीची जणू लेखी प्रत. वाहनातून शिकार नको. विमानाने वा मोटारीने जनावरे पळवू नयेत. विष, स्फोटके, खड्डे नकोत. मोठ्या जनावरावर रायफलीखेरीज अन्य शस्त्र नको. झाडोऱ्याला आग लावू नये. रात्री आणि कृत्रिम उजेडात शिकार नको. भक्ष्यावर परतणाऱ्या हिंस्र श्वापदापुरता परवानगीने अपवाद. पाणवठ्यावर आणि खारट मातीच्या चाटणावर टपून बसू नये. १९४७च्या त्या रात्री जे घडले, ते पाव शतकानंतर ओळीओळीने गुन्हा ठरले.

२१/
तेव्हा वन्यजीव हा विषय राज्यांच्या सूचीत होता, म्हणून संसदेला राज्यांच्या ठरावांची गरज होती. अकरा राज्यांनी आधी ठराव केले. महाराष्ट्र त्यांत नव्हता. आपल्या राज्यात हा कायदा १९७३ मध्ये लागू झाला. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने विषय समवर्ती सूचीत गेला. शेवटचा घाव १९९१च्या दुरुस्तीने घातला: परवाने देण्याची कलमेच वगळली गेली. परवाना, हंगाम, वर्ज्य काळ हे शब्द त्या दिवशी भारतीय शिकारीच्या संदर्भात इतिहासजमा झाले. उरले फक्त अपवाद.

२२/
या प्रवासाची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. बंदूक आणि परवाना असलेल्याचा छंद गेला. त्याने कॅमेरा उचलला. फासेपारध्याचे मात्र पोट गेले. संस्थानिकांच्या चित्त्यांना पकडून माणसाळवणारे त्याचे हुन्नर निरुपयोगी झाले, आणि इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर त्याच्या जन्मावरच शिक्का मारला. तो कायदा स्वातंत्र्यानंतर रद्द झाला, पण संशय रद्द झाला नाही. जाळ्याने धरलेला तित्तर गुन्हा आणि बंदुकीने पाडलेला तित्तर क्रीडा, हा भेद निसर्गाने केलेला नव्हता.

२३/
दुसऱ्या बाजूने हेही मान्य करावे लागते की अर्धीमुर्धी बंदी पुरेशी ठरली नाही. १९१२च्या यादीत माळढोकाचे नाव होते. आज महाराष्ट्राच्या माळरानांवरून तो जवळजवळ नाहीसा झाला आहे. १९७९ मध्ये सोलापूरजवळ नान्नज परिसरात त्याच्यासाठी अभयारण्य घोषित होऊनही. त्याला केवळ गोळीने संपवले नाही. गवताळ माळ नांगराखाली गेले, विहिरी आणि विजेच्या तारा आल्या. शिकारीचा नियम बंदूक थांबवू शकतो. अधिवास राखणे हे त्याच्या आवाक्याबाहेरचे काम आहे.

२४/
अपवादांची कलमे आजही जिवंत आहेत, आणि खरा वाद तिथेच होतो. मानवी जिवाला धोकादायक ठरलेल्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्याला मारण्याचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतो, तोही त्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा हलवणे शक्य नसल्याची खात्री झाल्यावर, कारणे लेखी नोंदवून. २ नोव्हेंबर २०१८ रोजी यवतमाळ जिल्ह्यात टी-१ वाघीण रात्री गोळीने मेली, तेव्हा देशभर हेच प्रश्न विचारले गेले: गोळी कोणी घातली, केव्हा, आणि आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न झाला का? कोण, केव्हा, कसे: शंभर वर्षांपूर्वीचेच तीन प्रश्न. आणि त्या भागातील गावकऱ्यांनी महिनोन्‌महिने जी भीती सोसली, तीही त्या हिशेबातली एक बाजू आहे.

२५/
रानडुकराने रात्रीतून आडवे केलेले ज्वारीचे शेत पाहणाऱ्या शेतकऱ्याला आजही वनखात्याकडे अर्ज करून परवानगी मागावी लागते. १८७८ मध्ये सरकारच्या कमरेला गेलेल्या किल्ल्या अजून तिथेच आहेत. फरक इतकाच की तेव्हा त्या शिकाऱ्याची करमणूक राखत होत्या आणि आता त्यांनी रान राखावे अशी अपेक्षा आहे. त्या अपेक्षेचा भार रानाशेजारी राहणाऱ्या माणसावर किती आणि शहरात राहणाऱ्यावर किती, याचे न्याय्य वाटप करणारा नियम मात्र अजून लिहिला गेलेला नाही.